जावई कसे आहेत?

लेक: पण तू आईला "ठणठणीत" असं का सांगितलंस?

जावई: त्यांनी हॉस्पिटलमधून फोन करून विचारलं, "जावई कसे आहेत?" मी म्हटलं, ठणठणीत, सकाळपासून दोनदा जेवले.

लेक: आपलं लग्न झाल्यापासून आईने कधी तुझी चौकशी केली आहे?

जावई: नाही ना. म्हणून तर गहिवरून आलं.

लेक: अरे, ती माशाबद्दल विचारत होती! या टाकीतल्या निळ्या माशाचं नाव जावई आहे. आणला तेव्हा दगडामागे रुसून बसला. बोलावलं तरी बाहेर येईना, घातलेलं खाईना. आईने तेव्हाच नाव ठेवलं.

जावई: नाव कुणाला ठेवलं, माशाला की मला?

लेक: आत्ता विनोद नको. बघ त्याच्याकडे. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. काल शेपटीवर होते, आज डोळ्यापर्यंत आलेत. दगडाला अंग घासतोय. कल्ले बघ कसे लपालपा हलतायत.

जावई: केशरी माशांच्या जोडीतल्या एकालाही ठिपका आलाय. मी तुला सांगणार नव्हतो.

लेक: कधी बघितलास?

जावई: तू चहा गाळत होतीस तेव्हा.

लेक: मला भीती वाटतेय रे.

जावई: मलाही. फक्त नवरा आहे म्हणून हळू आवाजात वाटतेय.

लेक: पाण्यात औषध घालू या का?

जावई: ते विचारलं तर दुकानदार फोनवर ओरडलाच. ठिपक्यांचं औषध तांब्याचं असतं. त्याने मासे वाचतील, पण तुझ्या आईची सगळी प्रवाळं आणि कोळंब्या जातील. म्हणून तर त्याने हा यूव्ही दिवा पाठवला.

लेक: आईला तो दिवा घरातसुद्धा नको आहे. "पाण्यातलं जिवंत ते सगळं मारणारी वस्तू माझ्या टाकीला लावायची नाही. माझी प्रवाळं त्या पाण्यातलंच बारीकसारीक खाऊन जगतात."

जावई: अगं, दिवा टाकीत नसतो. या बंद नळकांड्यात असतो. पंप पाणी हळूहळू यातून ढकलतो. पाण्यात पोहणारे जंतू उजेडापुढून गेले की संपले. दगडात राहणारे चांगले जंतू घर सोडत नाहीत, ते कशाला इकडे फिरकतील?

लेक: आणि माशाच्या अंगावरचे?

जावई: त्यांना दिव्याने काही होत नाही.

लेक: म्हणजे जो मरायला टेकलाय, त्याच्यासाठी हा दिवा नाहीच!

जावई: अंगावरचे पिकले की गळून पडतात, मग त्यांची पिल्लं पाण्यात सुटतात. ती पुन्हा कुणाला चिकटायच्या आत पकडायची. सगळी नाही सापडत. नळकांड्यात येतील तेवढी.

लेक: दुकानदार खात्री देतो?

जावई: खात्री मागितली की पावती देतो.

लेक: दिवा लावला आणि प्रवाळं मिटून गेली तर? नाही लावला आणि सगळे मासे वर तरंगायला लागले तर? उद्या सकाळी आईचं ऑपरेशन. भूल उतरल्यावर ती पहिलं काय विचारणार आहे, सांग.

जावई: जावई कसे आहेत.

लेक: आणि भूल उतरलीच नाही तर...

जावई: हे वाक्य इथेच ठेव. पुढे नेऊ नकोस.

(फोन वाजतो. लेक तो स्पीकरवर लावते.)

आई: जावईबापू, मासा दिवसातून एकदाच खातो. दोनदा जेवले ते तुम्ही. आता माशाचं सांगा.

लेक: आई, तू आराम कर बघू. डॉक्टरांनी सांगितलंय...

आई: डॉक्टर सगळ्यांना आराम सांगतात आणि स्वतः पळत असतात. ठिपके आलेत का?

लेक: हो.

आई: डोळ्यावर?

लेक: डोळ्यापर्यंत.

आई: आणि तो दिवा घरात आलाय.

जावई: तुम्हाला कसं कळलं?

आई: तुमच्या गप्प बसण्यावरून. चांगल्या वस्तूबद्दल माणसं इतकी गप्प बसत नाहीत.

जावई: अजून खोक्यातच आहे, आई. नको म्हणालात तर परत करतो.

आई: त्याने मासा नक्की वाचेल?

जावई: नक्की नाही सांगता येत. पण नाही लावला, तर मात्र...

आई: इथल्या डॉक्टरांनीही वाक्य अगदी तिथेच सोडलं. सगळे एकाच शाळेत शिकलेले दिसता.

लेक: आई, तू ऑपरेशनला हो म्हणाली आहेस ना?

आई: "विचार करते" म्हणाले.

लेक: आई!

आई: ओरडू नकोस, शेजारच्या बाईंचा आत्ता कुठे डोळा लागलाय. मला आपलं वाटत होतं, असंच दगडामागे बसून राहावं, जाईल आपोआप. तुम्ही सांगा जावईबापू, बसून जातं का?

जावई: नाही जात, आई. वाढतं.

आई: हं.

लेक: आई, ऐकतेयस ना?

आई: ऐकतेय. लावा तो दिवा. पंप हळू ठेवा. प्रवाळं मिटायला लागली तर लगेच बंद करा. आणि तुम्ही, जावईबापू, नळकांडं उघडून आत डोकावू नका, डोळे जातील. तुम्हाला खोड आहे. मी सांगते इथल्यांना, हो म्हणून.

लेक: मी निघते. आत्ताच येते तिकडे.

आई: ये. पण दिवा लावून लगेच पाठ फिरवायची नाही, सांगून ठेवते. कुणीतरी काचेपाशी बसा. घाबरतो तो. दाखवत नाही.

लेक: कोण, आई?

आई: मासा गं! मी कशाला घाबरू? तू इकडे आलीस तर जावयापाशी कोण बसणार?

जावई: जावई.