गिझरखालचा कॉक

बादलीत गरम पाण्याची बारीक धार पडायचा आवाज अजून माझ्या कानात आहे. दर शनिवारी बायको माझ्या डोक्याला तेल चोळायची, तोवर आमच्या चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या घरात बादली सावकाश भरायची. आता ती नाही.

परवा सून म्हणाली, “मामंजी, गरम पाणी फारच कमी येतं. बोअरच्या खाऱ्या पाण्याने गिझर तुंबलाय.”

तिने प्लंबर बोलावला. त्याने गिझरखालचा कॉक फिरवला आणि धो धो पाणी आलं. तो हसून मला तमिळमध्ये आजोबा म्हणत बोलला, “तात्ता, हा तर अर्धा बंद होता!”

मी सुनेला म्हटलं, “तुझ्या सासूनेच केला होता. म्हणायची, बादली लवकर भरली तर तेल मुरणार कधी?”

सुनेने कॉक पुन्हा अर्धा बंद केला.