पोट वाढलं का भेव लागे

माहं नाव ललिता. माहेर चिमूरकडचं, सासर इथी, मूलच्या बाजूले, धानाच्या मुलखात. बाबा माहे दुसऱ्याच्या वावरात कामाले जात, माय बी जाये, मी दहावीपर्यंत शिकली, पुढची शाळा दूर आन् मधात जंगल, म्हणून तिथीच राह्यलं. मंग लगन झालं. मालक माहे, मंगेश नाव त्याईचं, राईस मिलमध्ये पोते उचलतात. घरी सासू. तिले मी मायच म्हणते, तोंडानं कडक हाये पण पोटात माया हाये. आमच्याकडं सकाळी भात, दुपारी भात, सांजेले भात, उरला त न्याहारीले तोच तेलात परतून. भात नाई खाल्ला त माणूस जेवलाच नाई, असं हाये आमचं.

आता तुम्ही विचारून राह्यल्या म्हणून सांगते बाई, नाईतर मी ते कोणाजवळ काढत नाई. पयलं लेकरू. मी धडधाकट, धानाच्या रोवण्याले जाये, दिवसभर चिखलात कंबर वाकवून राहू, काई नाई वाटे. पण पोट असं वाढलं, असं वाढलं, का बाया हातातलं काम सोडून पाहत. एक म्हणे जुळे हायेत, एक म्हणे पैलवान हाये व तुह्या पोटात. माय त खुश, नजर लागंन म्हणून मीठ-मिरची ओवाळे आन् ताटात भात वाढतच जाये, दोघांचं खा म्हणे. मले तहान लागे, लय तहान, गडूवर गडू पानी पिऊ, तरी तोंड सुकलेलंच. वाटे उकाड्यानं होते. कोणालेच काई वाटलं नाई बाई, पोट मोठं म्हणजे लेकरू चांगलं, येवढंच आमाले माईत.

नववा लागला आन् एक दिवस ध्यानात आलं का सकाळपासून ते हाललंच नाई. म्हटलं, माय, हालत नाई व. माय म्हणे, झोपलं असंन, तू जेवून घे. मी जेवली. मंग डाव्या कुशीवर झोपली, उजव्या कुशीवर झोपली, पोटाले हात लावून बोलली त्याच्यासंग. नाई हाललं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरीनबाईनं पोटावर यंत्र ठेवलं, इकडून ठेवलं, तिकडून ठेवलं, आन् मंग तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलंच नाई. तवाच मले समजलं. पोरगा होता. भरलेला, गालफडं गुबगुबीत, जसा दोन महिन्याचा. माय त्याले मांडीवर घेऊन बसली, म्हणे येवढा चांगला, काऊन गेला, काऊन गेला. काऊन गेला ते कोणालेच सांगता आलं नाई. गावात म्हणे बाहेरचं लागलं असंन, तिनसांजेले जंगलातून आली असंन. मी बी तेच मानलं.

दुसऱ्यानं दिवस गेले तवा खुशी नाई झाली मले, भेव लागलं. गावातली आशाताई सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरबाईनं गिलासात गोड पानी देल्लं, येवढं गोड का नरड्यात चिकटे. म्हणे हळूहळू पी, ओकू नको, मंग रगत पाहू. बाकावर बसून राह्यली, रगत घेतलं, आन् सिस्टरबाई कागद पाहून म्हणे, ललिता, तुहं पयलं लेकरू मोठं होतं का व? मी त तिले सांगतलंच नोतं. इले कसं समजलं? ती म्हणे, तुले गर्भारपणाची शुगर हाये. मायच्या रगतातली साखर लेकराकडं जाते, लेकरू फुगत जाते, कधी कधी आतमधीच जीव जाते त्याचा. मंग म्हणे, पयल्याचं आता पक्कं सांगता येत नाई, पण ह्याले सांभाळू.

घरी आली त माय मानेच ना. शुगर सेठ लोकांले होते म्हणे, बुढ्यांले होते, चिखलात राबणारीले कुठची शुगर? मी भात कमी केला, जवारीची भाकर, डाळ, पालेभाजी खाऊ लागली, त माय रडे, लेकराले उपाशी मारून राह्यली म्हणे. जेवून फिरायले सांगतलं होतं, पण सडकेवर वाघाचे पंजे उमटलेले दिसत, मंग शाळेच्या मैदानातच चकरा मारू. तरी शुगर उतरली नाई. मंग सुई सुरू झाली, इन्सुलिनची, रोज, पोटात. ज्या पोटात लेकरू त्याच पोटात सुई खुपसायची, सांगा तुम्ही. माह्यानं होयेच ना. मालक म्हणत, आन इकडं, मी देतो. पोते उचलणारे हात त्याईचे, राठ, पण सुई अशी हळू देत का समजे बी नाई.

आन् भेव असं बसलं मनात, का साखरेचा डब्बा मी वरच्या फळीवर ठेवून देल्ला. सिस्टरबाईनं सांगतलं होतं, सुई घेते त जवळ गोड ठेवत जा. मी नाई ठेवलं. गोड म्हणजे मले जहर वाटे.

मावसबहिणीचं लगन होतं, दुपारचं. निघताना सुई घेतली, म्हटलं तिथी गेल्या गेल्या जेवू. वरात आलीच नाई टायमावर, पंगत बसंना. मले आधी घाम आला, मंग हातपाय लटलट, छाती धडधड, मांडव फिराले लागला. वाटलं झालं, पयल्यासारखंच झालं, आता ह्याची बारी. सासूमाय धावली, कोणाजवळून गुळाचा खडा आणला, तोंडाशी लावला. आन् मी दात आवळले. नाई म्हटलं, गूळ नाई, माहं लेकरू मरंन. माय ओरडे, ह्या सुईनंच घात केला. मालकानं सिस्टरबाईले फोन लावला, सुई घेतली पण अजून जेवली नाई म्हणून सांगतलं. ती पलीकडून ओरडली, मले बी ऐकू आलं, बोलते ना ती? गिळते ना? त गोड दे आधी, गूळ दे, शरबत दे, साखर पडली तिची! माय म्हणे, ललिता, बाई माही, तोंड उघड. मी उघडलं. आपल्या बोटानं ती गूळ चाटवत गेली, मांडीवर घेऊन, लहान लेकराले चाटवते तसं. मंग हळूहळू दिसाले लागलं. आन् पोटात लाथ बसली. मी मायचा हात धरून तिथी ठेवला. माय तो हात काढेच ना.

त्या दिवसापासून सुई झाली का माय ताट घेऊन उभीच राहे, जेव आधी म्हणे.

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोट चिरून पोरगी काढली. रडली, मी ऐकलं, आन् लगेच घेऊन गेले तिले. मी पडल्या पडल्या विचारू, कुठी हाये, कुठी हाये. नर्स म्हणे नाळ तुटली, मायची साखर मिळेनाशी झाली, म्हणून तिची साखर पडली, टाच टोचून पाहून राह्यलो, दूध पाजा लवकर. आणली तवा कापून राह्यली होती, जशी थंडी वाजते. छातीशी लावली, ओढेच ना. माय तिचा तळवा चोळे, म्हणे ओढ बाई माही, ओढ व. आन् मंग ओढलं तिनं. काय सांगू तुम्हाले, तवा मी जे रडली, दोन्ही लेकरांसाठी रडली.

पोरगी आता अंगणवाडीत जाते. परी नाव ठेवलं. बोलून बोलून डोकं खाते. माही शुगर बाळंतपणानंतर उतरली, पण डॉक्टरीनबाई म्हणे ती परत येऊ शकते, दरसाल रगत तपासत जा. जाते मी. मागच्या वेळी म्हणे शुगर काठावर हाये. रगत देऊन बाकावर बसलं का कागद हाती येईपर्यंत देवाचं नाव घेते. तरी जाते. भेव काई जात नाई बाई, पोरगी झोपली का नाकाशी बोट धरून पाहते अजून, मालक हासतात. हासू द्या. तुमच्या घरी कोणी पोटुशी असंन त तिले दोन घास येळेवर मिळो, लेकरू तिचं रडत येवो. बस, आणखी काय मांगायचं.