वरच्या मजल्यावरची गप्प बैठक

छे हो, मोठेपणा कसला त्यात! तुमची इथे राहिलेली छत्री वर राहणाऱ्या माझ्या जावेच्या पोरानं तुमच्या घरी आणून दिली, कुणीही दिली असती — हात जरा वर धरा, बाही टाचतेय — पण नाव कुणाचं झालं? तिच्या संस्कारांचं! अन् संस्कार तरी कसले? घरात देव नाही, प्रार्थना नाही. संध्याकाळी दिवे मालवून सगळे गोल करून बसतात. गप्प. मग ज्याला जे दिवसभर बोलता आलं नाही ते त्यानं बोलायचं, अन् बाकीच्यांनी रागवायचं नाही. संपलं! याला काय धर्म म्हणायचं? मी माझ्या पोरीला बोलायला लागल्यापासून प्रार्थना शिकवली, खोटं बोललीस तर देव बघतोय म्हणून बजावलं. अन् जावेच्या घरात बघणारा देवच नाही, तरी तिची कार्टी खरं बोलतात! जळते? मी? मी कशाला जळू — टोचली का? मग हलू नका ना.

आता माझी लेकही रोज वर जाऊन बसते. खेळायला म्हणून जाते, अन् बसते त्यांच्यात. पण खाली आली की मी विचारते, कशी होती गं काकू? तर म्हणते, कंटाळवाणी. आई, तूच बरी. खरं सांगू, ते ऐकून दिवसभराचा शीण जायचा माझा. रोज विचारायचे. मुद्दाम.

काल जावेचा शिवलेला झगा द्यायला वर गेले, तर दार नुसतं लोटलेलं, आत अंधार. लेकच बोलत होती. म्हणे, मला इथे खूप आवडतं, पण आईला वाईट वाटतं ना, म्हणून मी तिला रोज खोटं सांगते. देव बघतो, तरी सांगते — काय म्हणालात? घट्ट होतंय? होणारच, मीच जास्त आत घेतलंय, उसवते थांबा — आल्या पावली परतले मी. झगा तो काय, अजून इथेच खुंटीवर लटकतोय.

पावलं वाजली वाटतं. आलीस का गं? कशी होती काकू?

हं. कंटाळवाणी. बरं. जा, हात धू.

उतरवा हो ते ब्लाउज. टाचण्या सांभाळून. नाही, आज नाही व्हायचं, उद्या या.