नाक खाटेकडं

— न्हाई सर, हे छोटं इमान उचलू नका अजून. चहा घ्या आधी. कॉलेजच्या एनसीसीसाठी एवढ्या लांबून हिंगोलीला आलात, घोटभर घेतल्याबिगर कसं जाल? हे आत खाटेवर हायेत, जागेच हायेत. बांगलादेशच्या लढाईत हवाई दलात मिस्त्री होते — आन् आता उजवा हात न्हाई चालत. तीन वर्षं झाली. म्हनून हे पाहा, माझे हात — तारेनं चिरलेले. हे खाटेवरून सांगतेत, मी करते. पंखाच्या मागच्या कडेच्या या दोन पट्ट्या, त्या हलवनारी ही मोटर, ही तार. हातातल्या या रेडिओच्या डब्याची दांडी उजवीकडं केली की उजवी पट्टी वर, डावी खाली. पाह्यचं कुठून? मागून. नेहमी शेपटीकडून. समोरून पाह्यलं की डावं-उजवं पलटतं — झोपेत इचारा, सांगीन.

माहेर माझं जवळा बाजारचं. भाचीच्या लग्नाला गेले का? न्हाई — तवा पट्ट्यांच्या बिजागऱ्या चिकटवायच्या होत्या. तिकडची बस रोज दोनदा या दारापुढून जाते. आता हे उडालं की तुमी अजून चार बनवाया सांगनार, व्हय ना? हे तेवढ्यासाठीच जगून राहिले. आन् पडलं तर? तर म्हनले, पुन्हा पक्कड हातात घे म्हननार न्हाई.

काय म्हनता? शाळेची लेकरं? मैदानाच्या कडेनं बसवनार? — तुमी तर पत्रात लिवलं होतं, रिकाम्या माळावर एकटेच उडवनार म्हनून —

बसा सर. न्हाई, बसा. डबा चालू करा. दांडी उजवीकडं. आता मागून पाहा — कोनती पट्टी वर आली? डावी. व्हय. तार मीच उलटी घातली. काल यांना तपासायला दाखवलं, तवा मीच इमानाचं नाक खाटेकडं करून धरलं. समोरून बराबर दिसलं त्यांना. डोळ्यात पानी आलं हो त्यांच्या. मला म्हनले, तुझे हात सोन्याचे. काहून केलं असं? — काहून म्हनजे... पंख धरा जरा. घट्ट न्हाई, हलका. तार मोटरच्या या भोकातून काढली, पल्याडच्या भोकात घातली — झालं. एवढंच असतं. करा दांडी. उजवी वर? बराबर.

— हे हाक मारतेत. व्हय हो, आले! सरांना दाखवून राहिले!

जा सर, आत जाऊन भेटा त्यांना. वाकून जा, दार बुटकं हाय. आन् त्या चार इमानांचं आत्ताच सांगून टाका — मी तवर अंगनात उभी राहते.