गालावरच्या तीन रेघा

मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या जुन्या चित्रपोथीतल्या म्हाताऱ्याच्या गालावर सुरकुत्यांच्या नेमक्या तीन रेघा होत्या. १९८६ साली सिअ‍ॅटलच्या प्रदर्शनात मीरा त्या मोजत असताना मागे सत्तरीचं एक मराठी जोडपं येऊन थांबलं.

“अगं, वाच! यांच्यात सत्तरीनंतर दारू प्यायला मोकळीक होती. लेकाच्या फ्रिजमधली बिअर आता मी उघड घेणार.”

“आणि शेजारच्या चित्रातल्या आजोबांच्या हातात काय आहे?”

“काठी.”

“वर्षभर सांगतेय, काठी घ्या. दोनदा पडलात.”

“मी काय म्हातारा झालोय?”

“मग बिअर कॅन्सल.”

“इथे चित्रात म्हातारीसुद्धा पितेय गं.”

“हो ना. आज मीही पिणार. मला म्हातारी म्हणवून घ्यायची लाज नाही. तुम्ही बसा सरबत घेऊन.”





“घेतो काठी. आजच. बिअरच्या आधी.”