बाण जागेवर राहील असा लॅपटॉप

(तराझ. बुधवारची सकाळ. घराच्या पुढच्या खोलीतलं भरतकामाचं दुकान. तोलेगेनमामा, कुल्याशमामी आणि रात्रीच्या गाडीने अल्माटीहून आलेली त्यांची भाची अकबोता.)

अकबोता : पण मामा, बुधवारच हवा असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून तर मी मंगळवारी रात्री गाडीत बसले. आता बुधवार आला, मी आले, लॅपटॉपचं दुकान दहाला उघडतं. राहिलं काय?

तोलेगेन : बुधवार चांगलाच. शुभ कामाला बुधवारासारखा वार नाही. पण हा बुधवार मला जरा घाईचा वाटतोय.

अकबोता : वार घाईचा कसा असेल?

तोलेगेन : तू आधी चहा घे. तळलेले बाउरसाक गरम आहेत, गार झाले की तुझी मामी मला बोलते. उपाशीपोटी लॅपटॉप घेतला तर तो जन्मभर चार्जिंग मागत बसतो.

अकबोता : हे कुणी सांगितलं?

तोलेगेन : आत्ता मीच.

अकबोता : मामी, तुम्हीच सांगा. तीन वर्षं मी हेच ऐकतेय. आधी म्हणाले, आपली अक्षरं लॅटिन होणार, कीबोर्ड बदलणार, मग घेऊ.

कुल्याश : अक्षरं होती तिथेच आहेत.

अकबोता : मग म्हणाले, विंडोज नवी आलीय, जरा मुरू दे. ती मुरली, तर म्हणाले, आता हिच्या पुढची येईल. नोव्हेंबरात सगळ्या दुकानांत सवलत लागली, तेव्हा तरी?

तोलेगेन : सवलतीतला घोडा लंगडा निघतो.

अकबोता : आणि जानेवारीत पूर्ण किमतीचा दाखवला तर म्हणालात, एवढ्या पैशात खरा घोडा येईल.

तोलेगेन : येईल की. हलक्या प्रतीचा येईल, पण खोगिरासकट येईल.

अकबोता : खरं सांगू? तुम्हाला किमतीची भीती नाही, माझी आहे. माझं तिसरं मागणं अजून शिल्लक आहे.

तोलेगेन : भाचरांना तीनदा मागायचा हक्क ज्या कुणी पूर्वजाने दिला ना, त्याला बहीणच नसणार. आणि वर 'मामाने नाही म्हणायचं नाही'. सात वर्षांची होतीस, माझं करडं शिंगरू घेऊन गेलीस.

अकबोता : तुम्ही दिलंत.

तोलेगेन : हसत दिलं.

कुल्याश : दोन दिवस जेवले नाहीत.

तोलेगेन : पोट बिघडलं होतं. मग चौदाव्या वर्षी कॅमेरा. माझ्या लग्नातला कॅमेरा! आता घरात नवा लॅपटॉप आला की तू दारात उभी राहून म्हणणार, 'मामा, हा मला फार आवडला'. संपलं. मी परत ह्या म्हाताऱ्या यंत्रासमोर.

अकबोता : मला तुमचा लॅपटॉप काय करायचाय? माझा मॅक आहे.

तोलेगेन : असतो. ज्याच्याकडे असतो त्यालाच अजून हवा असतो.

अकबोता : बरं, मग ऐका. मी हरले. मॅक घ्या म्हणून तुमच्या मागे लागले होते ना, ते परत घेते. रात्री गाडीत बसून शोधलं. तुमचा भरतकामाचा प्रोग्रॅम मॅकवर चालतच नाही. फक्त विंडोज. आणि तुमच्या ह्या विंडोज सातला आता कुणी वाली नाही. तेव्हा अकरा घ्यायची, प्रोग्रॅम नवा टाकायचा, जुन्या नक्ष्या उचलून त्यात न्यायच्या. मी सगळं करून देते. संध्याकाळपर्यंत काम खलास.

तोलेगेन : बघ हं कुल्याश, हरले म्हणाली. साक्षीला राहा.

कुल्याश : राहिले. आता जा दोघं.

तोलेगेन : आणि लिनक्स? बाजारातला येरमेक म्हणतो, फुकट आहे, मोकळं आहे. माळरानासारखं, कुंपण नाही, मालक नाही.

अकबोता : माळरानावर विहीरसुद्धा आपली आपणच खणायची असते, ते सांगितलं का येरमेकने?

तोलेगेन : त्याने एका पेनड्राइव्हवर घालून दाखवलंही. छान आहे. पण त्याच्यावरही बाण उडतो.

अकबोता : कुठला बाण?

तोलेगेन : पडद्यावरचा गं. माऊस हलवला की हलतो तो. हे नक्षीतलं शिंग बघ, मेंढ्याचं. ह्याच्या टोकावर टाका ठेवायचाय. बाण नेतो, नेतो, अगदी टोकाशी नेतो, आणि दाबायच्या क्षणाला हा उडतो. टाका पडतो बाजूला. मेंढ्याच्या शिंगाला फाटे फुटतात.

अकबोता : माऊस बदला मग. हजार तेंग्यांचं काम.

तोलेगेन : तीन बदलले. दोष आतला आहे. जुन्या विंडोजवर उडतो, म्हटलं जुनी आहे. मोठ्या दुकानात जाऊन अकरावर बघितलं. विकणारी पोरगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली तेवढ्यात हळूच. तिथेही उडतो. येरमेकच्या लिनक्सवर उडतो. आणि आज सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा...

अकबोता : तेव्हा काय?

तोलेगेन : तुझ्या मॅकवर.

अकबोता : माझा लॅपटॉप उघडलात? त्याला पासवर्ड आहे!

तोलेगेन : शिंगराचं नाव. आणि पुढे तुझं जन्मसाल. दुसऱ्या खेपेला उघडला.

अकबोता : मामा!

तोलेगेन : यंत्र चांगलं आहे हो. पडदा काय, आरसा. पण बाण तिथेही उडाला. म्हणून म्हणतो, थांबू. ह्या तिघांखेरीज आणखी कुणी काही बनवत असेल. बाण जागेवर राहील असं.

अकबोता : म्हणजे चार यंत्रं तपासली, चारही बिघडलेली, आणि आपण तेवढे ठणठणीत! मामा, ह्यालाच म्हणतात, नाचता येईना—

कुल्याश : अकबोता. ते नको म्हणूस.

अकबोता : गंमत करतेय मी, मामी.

कुल्याश : कळतंय. तरी नको.

अकबोता : काय झालंय? ... मामा, तुमचा कप दाखवा बघू.

तोलेगेन : कपात काय बघायचं?

अकबोता : मघापासून बघतेय. मला अर्धा कप, तुम्हाला तळ झाकेल एवढाच. मामींनी तिसऱ्यांदा ओतला, तिन्ही वेळा तेवढाच.

तोलेगेन : मान असतो तो. जेवढा कमी ओतायचा तेवढा पाहुण्याचा मान मोठा. काठोकाठ भरला म्हणजे ऊठ आणि चालू लाग. अल्माटीत राहून एवढंही विसरलीस?

अकबोता : पाहुण्याचा मान. तुम्ही ह्या घरात पाहुणे कधीपासून झालात?

कुल्याश : उन्हाळ्यापासून. जास्त ओतला की दस्तरखानावर सांडतो. ह्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कमी ओतते, आणि घडीघडी ओतते.

तोलेगेन : तुला ठाऊक होतं?

कुल्याश : कापड मीच धुते ना.

तोलेगेन : आणि बोलली नाहीस.

कुल्याश : तुम्ही यंत्राला शिव्या देत होतात. म्हटलं, देऊ देत. यंत्राला कुठे लागतात.

अकबोता : मामा, मला माफ करा. मी ती म्हण काढायला नको होती.

तोलेगेन : म्हण बरोबरच आहे. अंगण सरळ आहे, तीन वेळा मोजून बघितलं मी. ऐक. आधीची दोन वर्षं थांबलो तो माझा चिक्कूपणा होता, ते कबूल. ह्या वर्षीचं मात्र तसं नाही. जुनं यंत्र समोर आहे तोवर म्हणता येतं, जुनं झालंय बिचारं. एकदा नवं आणून टेबलावर ठेवलं, आणि त्याच्यावरही बाण थरथरला, की मग बोट कुणाकडे दाखवू? ते बोटच धड राहत नाही. भीती वाटते मला, अकबोता. पंचवीस वर्षं मी सुईचं टोक चुकलो नाही.

अकबोता : कुठला हात?

तोलेगेन : उजवा. तुला मारलं होतं तोच.

अकबोता : तुम्ही मला कधी मारलंत?

तोलेगेन : नऊ वर्षांची होतीस. चालू मशीनच्या सुईखाली बोट घातलंस. मी मागे ओढलं आणि एक सणसणीत ठेवून दिली. तुझी आजी तिथेच म्हणाली, भाचीवर हात उगारलास, हा हात थरथर कापेल बघ. मी हसलो होतो.

अकबोता : ह्याला सतरा वर्षं झाली. एवढा उशीर? शाप काय पायी चालत आला?

तोलेगेन : वाटेत कुणी चहाला बसवलं असेल. आपली माणसं सोडतात का लवकर.

अकबोता : मला ती थप्पड आठवतसुद्धा नाही. बोट शाबूत आहे, हे बघा. दहाच्या दहा.

कुल्याश : मी तेव्हाही सांगितलं होतं सासूबाईंना, मारलं म्हणून पोरीचं बोट राहिलं.

अकबोता : मामा, मी तिसरं मागणं मागते.

तोलेगेन : आत्ता? अगं, लॅपटॉप अजून दुकानातच आहे.

अकबोता : लॅपटॉप नको. उद्या माझ्याबरोबर अल्माटीला चला. तिथे हाताच्या कापऱ्याचे डॉक्टर आहेत, माझ्या घरमालकिणीची मुलगी त्याच दवाखान्यात कामाला आहे. ती नंबर लावेल. तुम्ही हात दाखवायचा. एवढंच माझं मागणं.

तोलेगेन : हे मागण्यात बसत नाही. मागायची ती वस्तू. घोडा, शिकारी कुत्रा, गेला बाजार बंदूक.

अकबोता : मामी?

कुल्याश : भाचीने काय मागायचं ते भाचीने ठरवायचं. मामाने द्यायचं.

तोलेगेन : तुला कुणी विचारलं?

कुल्याश : तिने.

तोलेगेन : हे बघ, तू लॅपटॉपच घे. आजच घेऊ, तुला हवा तो, महागातला मॅक. दुकानातला सगळ्यात वरच्या फळीवरचा.

अकबोता : नको.

तोलेगेन : आणि वर घोडा. ह्या वर्षीचा.

अकबोता : मामा.

तोलेगेन : डॉक्टरांनी ह्या दुखण्याला काही नाव दिलं तर? आज त्याला नाव नाही. नाव नाही तोवर मी सकाळी उठून म्हणू शकतो, विंडोज बिघडलीय.

अकबोता : नाव मोठं असेल, लहान असेल, मला माहीत नाही. गोळीने थांबणारं असेल. नसेलही. भीती मलाही वाटतेय. म्हणूनच मी विनवत नाहीये, मागतेय. विनवलं असतं तर तुम्ही मला नौरिझच्या सणानंतरचा वायदा दिला असता.

तोलेगेन : दिलाच असता.

अकबोता : मग?

तोलेगेन : शिंगरू देताना एवढं जड गेलं नव्हतं.

कुल्याश : गेलं होतं. ह्याच्याहून हलकं होतं, पण गेलं होतं.

तोलेगेन : बरं. दिलं. आता तुझी तिन्ही मागणी संपली. पुन्हा माझ्या दारात काही आवडलं तर पैसे टाकून न्यायचं.

अकबोता : कबूल. उद्या सकाळची गाडी.

तोलेगेन : उद्या कशी? शनिवारी शिमकेंतला लग्न आहे. आठ शापान अंगरखे द्यायचेत. सात झाले. नवरदेवाच्या आजोबांच्या अंगरख्याची पाठ तशीच आहे. आठवडा झाला, तीच चार टोकं गिरवतोय.

अकबोता : मग आज लॅपटॉपचं दुकान राहू दे. हेच यंत्र उघडा. सरका.

तोलेगेन : तुला नक्षीतलं काय कळतं?

अकबोता : काही नाही. कळतं ते तुम्हाला. मी नुसती माऊस धरते, तुम्ही सांगा.

तोलेगेन : माझ्या खुर्चीवर आजवर कुणी बसलेलं नाही.

कुल्याश : आज बसू दे. तुम्ही स्टूल घ्या. नाही नाही, उचलू नका, मी आणते.

तोलेगेन : हं. शिंगाचं बूड धर. आता वर. वळव. सावकाश गं, मेंढा आहे तो, पळत नाही. आजोबांच्या पाठीवर बसणार आहे हे, सगळं लग्न बघणार आहे.

अकबोता : इथे?

तोलेगेन : डावीकडे. अजून जरा. केसभर मागे ये.

अकबोता : इथे?

तोलेगेन : थांब. दाबू नकोस. मला बघू दे. ... कुल्याश, इकडे ये. बघ, बाण कसा उभा राहिलाय.