कोंडीरामच्या तोंडात न मावलेला शब्द

अहो, एवढ्याशा पुर्ज्याला एवढा लांब शब्द लावायचाच कशाला, तुम्हीच सांगा! चाकणात राहत होता एक कोंडीराम, राहत होती त्याची बायको चिमाबाई, आणि त्र्याहत्तर साली त्या दोघांच्या मधे येऊन बसला 'इंटरचेंजेबल'. कोंडीरामनं कांद्याच्या बाजारात पंधरा वर्षं मापाडी म्हणून गोण्या तोललेल्या, आता चिंचवडच्या एका कारखान्यात टेंपररी... आणि निघालं की फर्मान. परदेशी साहेब येणार, त्याला प्रत्येकानं आपला पुर्जा कसला ते इंग्रजीत सांगायचं, सांगेल तो कायम, अडखळेल तो घरी. कोंडीरामच्या पुर्ज्याला नेमका हाच शब्द, तो सुपरवायझर अनंतरावांनी फोडून दिला, "इंटर म्हणजे आपापसात, चेंज म्हणजे बदल, एबल म्हणजे जमण्याजोगं. कुठलाही पुर्जा काढा, त्या जागी दुसरा बसलाच पाहिजे." समजलं हो सगळं, पण जीभ काही वळेना!

जेवताना 'इंटरजेबल', आंघोळीला 'इंचरटेंजल', एसटीत तर शेजारचा माणूस जागा सोडून उठला. चिमाबाई म्हणाली, "अदलाबदलीचा म्हणा की सरळ."

"साहेबाला कळंल व्हय ते?"

"मंग तुमचं तरी कुठं कळतंय? मराठीत दोन घास, आन् इंग्रजीत ही पंगत."

उजाडला तो दिवस. साहेब ताडमाड, लालबुंद, शेजारी मॅनेजर, समोर कोंडीराम, हातात पुर्जा... जीभ काही वळेना! कायमची नोकरी डोळ्यांदेखत चाललेली, आणि माणूस घाबरला की त्याला सवयीचंच सुचतं, नाही का? यानं डोळे मिटले, पुर्जा तळहातावर तोलला आणि बाजारातल्या खणखणीत सुरात लावलं, "लाभ... इन, दोन... टर, तीन... चेंज, चार... ए, पाच... बल!"

साहेबानं विचारलं, ते पहिलं 'लाभ' काय? मॅनेजर ओशाळून सांगायला लागले, आमचे मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, शुभ म्हणून. साहेबाला असं हसू आलं... म्हणाला, ही पेटी मोजून दाखव. कोंडीराम सुटला, लाभापासून थेट सत्तावीस, आणि तिथं थबकला.

"साहेब, ह्यो हलका हाय. ह्यो दुसऱ्याच्या जागी न्हाई चालायचा."

काट्यावर टाकला, तर खरंच हलका!

झाला बाई कायम, तिथल्या तिथं. तपासणीवर बसवला, पगार वाढला, चिमाबाईनं आळीत पेढे वाटले. आणि तुम्हाला सांगते, पुढच्या सगळ्या नोकरीत तो शब्द म्हणून दाखव, असं त्याला कुणी एकदासुद्धा म्हणालं नाही... घ्या आता.